हाताचे मोल

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात चित्रे व हस्तकला ह्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या ह्या छोटेखानी प्रदर्शनाचे उद्घाटन करण्याचा मान आपण मला दिलात, ह्याबद्दल मी आपला आभारी आहे. खरे पाहता हे काम एखाद्या नामवंत चित्रकाराचे. मी आयुष्यभर छापखान्यात राबलेला माणूस. १९६८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गिरगावातील एका छापखान्यात जुळारी म्हणून खिळे जुळवू लागलो आणि २००८ साली तेथूनच मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालो. आपल्या वार्षिक अंकाची छपाई मात्र त्यानंतरही अनेक वर्षे माझ्याच देखरेखीखाली होत असे. तेव्हा चित्रकलेविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. मला आज आपणांपुढे एक हिशेब मांडावयाचा आहे. त्या हिशेबातील ऋणको मी स्वतः आहे, आणि माझ्यामागे थोडेबहुत आपण सर्वच आहोत.

प्रथम प्रदर्शनाविषयी दोन शब्द. ह्या सभागृहाच्या डाव्या भिंतीवर जलरंगांतील चौदा चित्रे लावली आहेत. बाणगंगेच्या पायऱ्या, गिरगावातील चाळीचे लाकडी कठडे, पावसाने काळवंडलेली कौले, पहाटे फुले निवडीत बसलेल्या दोन बायका, असे आपल्या रोजच्या पाहण्यातले विषय आहेत. मधल्या लांब मेजावर हाताने केलेल्या वस्तू मांडल्या आहेत: कापडी पिशव्या, रंगविलेल्या पणत्या, बांबूच्या काड्यांवर कागद चढवून केलेले आकाशकंदील, पाट, लाकडी डब्या. उजव्या भिंतीवर छापील कामाचे नमुने आहेत. त्यांत लग्नपत्रिका आहेत, पुस्तकांची मुखपृष्ठे आहेत, घरगुती मसाले करणाऱ्या एका बाईंच्या बरण्यांवरील चिठ्ठ्या आहेत. ज्याला आजकाल ग्राफिक डिझाइन म्हणतात, ते हे काम.

ही तिन्ही प्रकारची कामे एकाच व्यक्तीची आहेत. आपल्याच ज्ञातीतील सत्तावीस वर्षांच्या एका कन्येने ती केली आहेत. ती कोठेही नोकरी करीत नाही. स्वतःच्या घरातील एका खिडकीजवळच्या मेजावर बसून, मिळेल ते काम घेऊन, ती गेली पाच वर्षे आपले पोट भरीत आहे. तिचे नाव मी ह्या भाषणात घेणार नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन.

मघाशी एका गृहस्थांनी मला विचारले, ‘‘एकीनेच इतके निरनिराळे उद्योग कशाला करावे? एकाच गोष्टीत प्रावीण्य मिळवावे.’’ मीही पूर्वी असेच म्हणत असे. पण तिच्याशी बोलल्यावर मला ह्यातील व्यवहार उमगला. मुखपृष्ठे व पत्रिका ह्यांच्या कामावर घरखर्च चालतो. परंतु ते काम लग्नसराई संपली की आटते. हातच्या वस्तू गणपतीपासून दिवाळीपर्यंत खपतात. त्यानंतर चार महिने कोणी विचारीत नाही. चित्र काढावयास निवांतपणा लागतो, आणि ते विकले जाईल की नाही ह्याचा भरवसा नसतो. म्हणून एका कामाच्या पैशावर दुसरे उभे राहते. कोकणातला शेतकरी भाताबरोबर चार माड आणि दोन काजूची झाडे राखतो, त्यातलाच हा प्रकार. महिन्याच्या एक तारखेला पगार नाही, रजा नाही, पुढे निवृत्तिवेतन नाही. स्वतंत्र व्यवसाय हा शब्द ऐकण्यास गोड वाटतो. त्यातील ‘स्वतंत्र’ ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘एकटा’ असा असतो.

आता माझा हिशेब.

चार वर्षांपूर्वी आपल्या अंकाचे मुखपृष्ठ नवीन करावे असे कार्यकारी मंडळात ठरले. ‘‘आपल्याच घरची मुलगी आहे, तिला सांगा,’’ असे कोणीतरी म्हणाले, आणि मी तिच्या घरी गेलो. चहा झाला. मी काम सांगितले. पैशाचा विषय मी काढला नाही, आणि वयाने लहान म्हणून तीही बोलली नाही. तिने पहिल्या आठवड्यात तीन कच्चे आराखडे दाखविले. एका सभासदास दीपमाळ हवी होती, दुसऱ्यास कुलदैवताचे देऊळ, तिसऱ्यास दोन्ही. चौथ्यांना रंग भडक वाटला. तिने नऊ वेळा फेरफार केले. शेवटी चित्र छापखान्यात देण्याची वेळ आली, तेव्हा तिने मूळ चित्र वेगळ्या रीतीने पाठवावयास बजावले होते. मी घाईने मोबाइलवरील निरोपातूनच ते पुढे धाडले. अशा रीतीने पाठविलेले चित्र वाटेत लहान होते, त्यातील बारकावे गळतात, हे चाळीस वर्षे छपाईत घालविलेल्या माणसाने जाणावयास हवे होते. छापून आलेले मुखपृष्ठ धूसर होते. दीपमाळेच्या पणत्यांचे ठिपके एकमेकांत मिसळले होते. शिवाय आतल्या पानावर मुद्रकाचे नाव होते, जाहिरातदारांची नावे होती, माझे नाव तर दोन ठिकाणी होते. तिचे मात्र कोठेच नव्हते. ते राहून गेले असे मी म्हणालो. राहून जाणारी नावे कोणाची असतात, ह्याचा विचार मी तेव्हा केला नाही.

समारंभात आपण तिला श्रीफळ आणि गुलाबाचे फूल दिले. टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील मला जिन्यात भेटले. शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी विचारले, ‘‘अण्णा, छापखान्याचे बिल किती झाले?’’ मी आकडा सांगितला. ‘‘कागद त्यातच आला?’’ ‘‘नाही, कागदाचे वेगळे.’’ ‘‘बांधणीवाल्याचे दिले?’’ ‘‘दिले.’’ ‘‘मांडववाल्याचे, आचाऱ्याचे?’’ ‘‘सगळ्यांचे चुकते केले.’’ ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘‘बरे झाले. कोणाचे राहू नये.’’ एवढे बोलून ते जिना उतरून गेले.

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तिला काम सांगितले. ह्या वेळी तिने नम्रपणे एक दरपत्रक पाठविले. मुखपृष्ठाचे इतके, फेरफार दोनदा, त्यापुढील प्रत्येक फेरफाराचे इतके, अर्धी रक्कम आगाऊ. मंडळाच्या बैठकीत ते वाचून दाखविले तेव्हा काहींना राग आला. घरची मुलगी घरच्यांकडून पैसे घेते, असे उद्गार निघाले. मी त्या बैठकीत गप्प बसलो, हेही आज कबूल करतो. त्या वर्षी एका उत्साही सभासदाने संगणकाकडून मुखपृष्ठ काढून घेतले. हल्ली संगणकास चार वाक्ये सांगितली की क्षणात चित्र तयार होते, हे आपण जाणताच. चित्र झगझगीत आले. पण देवळाच्या कळसाखाली जी देवनागरी अक्षरे आली होती, ती कोणत्याही माणसास वाचता येणारी नव्हती. ‘ज्ञ’ला दोन काने होते आणि वेलांटी अधांतरी लोंबत होती. खिळे जुळविण्यात आयुष्य घालविलेल्या मला ते पाहवेना. यंत्र उद्या सुधारेल, अक्षरेही नीट काढील. मी त्याचा द्वेष करीत नाही. माझा खिळ्यांचा धंदाही एका यंत्रानेच गिळला आणि पुढे त्याच यंत्राने मला भाकर दिली. पण आपल्या ज्ञातीच्या अंकावर आपल्या ग्रामदैवताच्या देवळाऐवजी कोठलेच नसलेले देऊळ छापले गेले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, ह्याचे मला वाईट वाटले.

त्यानंतर मी एक दिवस मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसलो. म्हटले, ‘‘बाळ, तुझे काम पाहावयाचे आहे. मला काही बोलू नकोस, तुझे चालू दे.’’ सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी तेथे होतो. जे पाहिले ते थोडक्यात सांगतो.

एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील सात अक्षरांचे शीर्षक तिने आधी बोरूने कागदावर चाळीसएक वेळा लिहिले. त्यांतून दोन निवडले. ते संगणकावर घेऊन एकेका अक्षराची जाडी आणि दोन अक्षरांमधील मोकळी जागा ती तासभर जुळवीत होती. आमच्या काळी दोन खिळ्यांमध्ये शिशाची पातळ पट्टी सरकवून आम्ही हेच करीत असू. मला माझा जुना हात आठवला. मग रंग. पडद्यावर दिसणारा रंग प्रकाशाचा असतो. छापखान्यातला रंग आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा ह्या चार शायांच्या ठिपक्यांतून उभा राहतो. पडद्यावरचा लखलखीत निळा कागदावर तसा उतरत नाही. म्हणून ती आधीच छापील रंगांच्या पुस्तिकेशी ताडून पाहते आणि त्यातल्या त्यात जवळचा रंग निवडते. पाहणाऱ्यास दिसते ते एक चित्र. त्यामागे न दिसणारे असे पुष्कळ असते.

दुपारी ती पिशव्या रंगवावयास बसली. मी मनातल्या मनात हिशेब केला, तो आपणांस सांगतो. कोरी पिशवी आणि रंग ह्यांचा खर्च एकशेदहा रुपये. रंगविण्यास अडीच तास. विक्रीची किंमत साडेतीनशे. म्हणजे हाती उरतात दोनशेचाळीस. दोन दिवसांच्या एका प्रदर्शनात मेजाचे भाडे तीन हजार होते आणि तीस पिशव्या विकल्या गेल्या. म्हणजे प्रत्येक पिशवीवर शंभर रुपये भाड्याचे. उरले एकशेचाळीस. अडीच तासांनी भागले तर ताशी छप्पन्न रुपये. त्यात जाण्यायेण्याचे भाडे धरलेले नाही, आणि न खपलेल्या पिशव्याही धरलेल्या नाहीत. आणि ह्याच पिशवीकडे पाहून आपल्यापैकीच एक भगिनी म्हणाल्या होत्या, ‘‘बाजारात दीडशेला मिळते की!’’ मिळते, हे खरे. ती छापाची असते. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आपणांस वस्तूची किंमत कळते, वेळेची कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ह्याचे मूळ फार जुने आहे असे मला वाटते. आपल्या घरांतील लग्नाचे रुखवत आठवा. सुपारीचे नवरानवरी, मोत्यांची तोरणे, भरतकामाचे रुमाल, कापसाचे हार, साखरेची फळे. आमच्या आई आणि आत्या महिनामहिना जागून ते करीत. मांडवात सर्वजण वाहवा करीत. ते कोणी केले हे मात्र फारसे कोणी विचारीत नसे. ‘मुलीकडचे’ एवढे सांगितले की पुरे होई. हातच्या कामाचे मोल प्रेमाने द्यावयाचे असते, पैशाने नव्हे, असे आपण शिकलो. ते रुखवतापुरते ठीक होते. पण त्याच हातावर जेव्हा एखाद्या मुलीने संसार उभा करावयाचे ठरविले, तेव्हाही आपण तिला वाहवाच देऊ लागलो.

चित्रकाराने समाजासाठी छापील काम करून मानाने पोट भरावे, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले. तेथेच शिकून पुढे शिक्षक झालेल्या रावबहादुर धुरंधरांनी मोठमोठी तैलचित्रे काढली, तशीच चित्रपोस्टकार्डेही काढली आणि पुस्तकांना चित्रेही दिली. आपल्या कामाचा वृत्तांत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. त्यांच्या कन्या अंबिकाबाई ह्यांनीही १९३१ साली त्याच विद्यालयाची पदविका घेतली. मुलींनी चित्रकला हा व्यवसाय म्हणून शिकावा, ही कल्पना म्हणजे नव्वद वर्षांहून जुनी आहे. त्याच विद्यालयात १९३५ च्या सुमारास व्यापारी चित्रकलेचा विभाग सुरू झाला आणि १९५८ साली उपयोजित कलेची संस्था स्वतंत्र झाली.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मिस्त्री घराण्यातले. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ते चित्रपटांकडे वळले, स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला आणि आपल्या चित्रपटांची भव्य भित्तिपत्रकेही स्वतःच रंगविली. ‘पेंटर’ हे त्यांच्या धंद्याचे नाव. तेच लोकांनी आदराने त्यांचे आडनाव केले. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक काढीत होते. त्यांची मुखपृष्ठे नसतील असे मराठी घर त्या काळी विरळा. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवतांची दिनदर्शिका तर आमच्या चाळीत खोलीखोलीत होती. कमल शेडगे ह्यांनी नाटकांची नावे अशी लिहिली की जाहिरातीतील अक्षराच्या वळणावरूनच नाटक ओळखू यावे. आणि आज आपण संगणकावर मराठी टंकलिहितो तेव्हा पुष्कळदा जी ‘मंगल’ नावाची अक्षरे दिसतात, ती र. कृ. जोशी ह्यांच्या हातची आहेत, हे किती जणांस ठाऊक आहे? ही सर्व मंडळी आपल्या घरांत वर्षानुवर्षे वावरली. आपण त्यांना चित्रे म्हणून पाहिले. कोणाचा तरी रोजगार म्हणून पाहिले नाही.

केवळ कौतुकाने कला जगत नाही, ह्याचे एक उदाहरण सावंतवाडीचे देतो. तेथील गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे एकशेवीस पत्ते असतात. कापडाला चिंचोक्यांची खळ आणि खडू ह्यांचे लेप द्यावयाचे, घोटावयाचे, गोल कापावयाचे, रंगवावयाचे आणि वरून लाखेचा हात फिरवावयाचा, अशी ती मेहनत. छापील पत्ते आले आणि हे काम बुडाले. करणारे एकदोन वृद्ध चितारी तेवढे उरले. तेव्हा, १९७० नंतरच्या दशकात, शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी ह्यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिरांकडून ती विद्या समजावून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम दिले. काम दिले, म्हणजे मजुरी दिली. म्हणून ती कला आज डोळ्यांनी पाहता येते. नुसती कौतुकाची भाषणे केली असती, तर आज तिच्यावर भाषणेच उरली असती.

नावाविषयीही एक गोष्ट ताजी आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा ह्या प्रसिद्ध संस्थेने मिलान येथील आपल्या सोहळ्यात कोल्हापुरी चपलेसारखी पायताणे दाखविली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आपल्याकडे केवढा संताप झाला! पुढे त्या संस्थेने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. तो संताप योग्यच होता. पण मला त्या दिवसांत आपले मुखपृष्ठ आठवत होते. परदेशातील धनिकाने नाव घेतले नाही तर आपण रागावतो. आपल्या घरातल्या मुलीचे नाव आपण ‘राहून गेले’ म्हणून सोडून देतो.

कायदाही ह्या बाबतीत बोलतो. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कृतीचे हक्क दुसऱ्यास द्यावयाचे असतील तर ते लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क विकून टाकले तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. परंतु कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास त्याचा हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून तरुणांनो, पहिल्या दिवशी कागद करा. सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारदरबारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, ती करा. २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदलेल्या उद्योगाचे पैसे, करारात कितीही लांब मुदत लिहिली तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास व्याज चढते. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. आपल्या वाडवडिलांनी सख्ख्या भावाशीही वाटणीपत्र केले, आणि त्यामुळेच पुष्कळ घरांत भाऊपणा टिकला.

तरुणांसच आणखी दोन शब्द वडीलकीच्या नात्याने सांगतो. मोबदला मागावयाचा तर तारीख पाळली पाहिजे. दुसऱ्याचे चित्र उचलून त्यावर आपले नाव घालू नये. यंत्राची मदत घेतली असेल तर तसे गिऱ्हाइकास सांगावे. जमाखर्च रोजच्या रोज लिहावा. आणि कोणी कमी किंमत देतो म्हणून रागावून बोलू नये. शांतपणे नाही म्हणावे. ह्या कन्येने आम्हांस जे दरपत्रक पाठविले होते, त्यात एकही कडू शब्द नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

आता वडील मंडळींस. आपल्याकडे चित्रकलेस फार काळ एकच जागा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या परीक्षा मुलांनी द्याव्या, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुणांसाठी चित्रकला चालते. पोटासाठी चालत नाही. ह्या मुलीच्या वडिलांनी आपल्या वधूवर नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘व्यवसाय’ ह्या रकान्यात काय लिहिले होते, ते मी त्यांच्या परवानगीने सांगतो. ‘घरीच असते. चित्रकलेची आवड.’ दिवसाचे दहा तास काम करणारी, घराच्या भाड्यात वाटा उचलणारी मुलगी ‘घरीच असते’! त्यांचा हेतू वाईट नव्हता. स्थळ बिचकेल, अशी बापाची काळजी होती. गेल्या वर्षी तिने स्वतः कार्यालयात येऊन ती ओळ बदलून घेतली. आता तेथे ‘चित्रकार व अक्षररचनाकार, स्वतंत्र व्यवसाय’ असे आहे. ते लिहिताना आपले लेखनिक विचारीत होते, ‘‘हे रकान्यात मावेल का?’’ मावले.

कार्यकारी मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली, संस्थेचे कोणतेही कलाकाम सांगताना मोबदला आधी लेखी ठरवावा आणि अर्धी रक्कम आगाऊ द्यावी, मग काम करणारा ज्ञातीतला असो वा बाहेरचा. दुसरी, ज्याने काम केले त्याचे नाव छापल्याशिवाय फर्मा यंत्रावर चढवू नये. तिसरी, आपल्या शिष्यवृत्त्यांत कलाशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनाही स्थान असावे. रंग, कागद आणि संगणक ह्यांचा खर्च वैद्यकीच्या पुस्तकांइतकाच खरा असतो. चौथी, दिवाळीपूर्वीचे दोन रविवार हे सभागृह हातकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना व तरुणांना नाममात्र भाड्याने द्यावे. मघाच्या पिशवीच्या हिशेबातील शंभर रुपये भाड्याचे होते, हे आपण विसरला नसालच. ते वाचले तर ताशी छप्पन्नाचे शहाण्णव होतात.

ह्यांतील पहिल्या दोन सूचना मंडळाने ह्या वर्षी अमलात आणल्या, हे सांगण्यास मला आनंद होतो. ह्या अंकाचे मुखपृष्ठ तिचेच आहे. दरपत्रक पूर्ण मान्य केले, अर्धे पैसे आगाऊ दिले आणि उरलेले चित्र हाती आल्यावर अकराव्या दिवशी पोहोचविले. दीपमाळेचा प्रत्येक ठिपका आता वेगळा दिसतो. आणि मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, तिचे नाव छापले आहे. ते मी येथे घेत नाही, ते ह्याचसाठी. कौतुकाच्या भाषणात ऐकलेले नाव घरी पोहोचेपर्यंत विसरते. कामावर छापलेले नाव टिकते. आपण अंक हाती घ्यावा आणि ते तेथेच, तिच्या अक्षरांत वाचावे.

राहिली माझी जुनी बाकी. चार वर्षांपूर्वीच्या कामाचे पैसे पाकिटात घालून मी गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो. पाकीट पुढे केले. मला वाटले, ती संकोचाने नको म्हणेल. ती म्हणाली, ‘‘आजोबा, बसा,’’ आणि आत जाऊन पावतीपुस्तक घेऊन आली. ‘मुखपृष्ठ, मागील बाकी, रोख मिळाली’ असे तिने लिहिले, तारीख घातली, सही केली आणि पावती फाडून माझ्या हाती दिली. तिचे वडील दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी स्वतः आणला.

ती पावती मी आज बरोबर आणली आहे.

प्रदर्शन खुले झाले असे मी जाहीर करतो. आपण सर्वांनी ते सावकाश पाहावे, आवडेल ते घ्यावे, आणि किंमत कमी करावयास सांगू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.